मिनी ट्रॅक्टरची ट्रॉली घरी बनवायची तर आधी दांडी बघा, रंग नंतर

तुम्ही लिहिलंय की घरी २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे, बाजारातली तयार ट्रॉली त्याला मोठी होतीय अन् परवडत पण नाही, भंगारातून जुन्या जीपचा मागचा एक्सल आणलाय, मेव्हण्याचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आहे, तर आठ फूट बाय साडेचार फुटाची ट्रॉली घरीच करायचीय. पत्रा किती जाड घ्यावा अन् रंग कोणता मारावा, कारण मागच्या साली घराच्या गेटला मारलेला रंग एका पावसाळ्यात पापुद्रे धरून निघाला. एवढं धरून सांगतो.

माझं उदगीर रोडला फॅब्रिकेशनचं दुकान आहे, बावीस-तेवीस वर्षं झाली. नव्या ट्रॉल्या आता कमीच करतो, गेट, शेड, खिडक्या हेच जास्त, पण मोडलेल्या ट्रॉल्या दुरुस्तीला लई येतात अन् खरं सांगायचं तर मोडलेली ट्रॉली बघूनच ट्रॉली कशी करायची ते कळतं. तुम्ही पत्र्याचं अन् रंगाचं विचारलंय, पण घरी केलेली ट्रॉली पत्र्यामुळं मेलेली मी अजून बघितली नाही. ती दांडीच्या, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायच्या पुढच्या दांड्याच्या, जोडात मरते, एक्सल चुकीच्या जागी बसल्यानं मरते, आणि रंग मरतो तो रंगाच्या खाली.

तरी पत्र्याचं आधी उरकतो. लोखंडाचा एक चौरस मीटर पत्रा एक एमएम जाडीला ७.८५ किलो भरतो, हे पाठ करून ठेवा, दुकानदार वजन सांगेल तेव्हा उपयोगी पडतं. तुमचा तळ ३६ चौरस फूट म्हणजे साधारण ३.३४ चौरस मीटर. ३ एमएम घेतला तर ७९ किलो, ५ एमएम घेतला तर १३१. वरचे ५२ किलो म्हणजे डीएपी खताची एक भरलेली गोणी तुम्ही ट्रॉलीला कायमची बांधून फिरवणार, रिकाम्या खेपेला पण, अन् डिझेल तुमचं. तळाला ३ एमएम, बाजूच्या फाळक्यांना २ एमएम, बस झालं. जाडीचा जो पैसा वाचला तो खालच्या आडव्या अँगलात घाला, ५० बाय ५० बाय ६ एमएमचा अँगल, साधारण दर सोळा इंचाला एक. पत्रा वाकतो तो पातळ असतो म्हणून कमी अन् खाली आधार नसतो म्हणून जास्त. फाळक्याला वरच्या कडेनं ४० चा अँगल फिरवला की दोन एमएमचा पत्रा पण दगड-विटा सोसतो.

तळाखाली लांबीला जाणारे उभे दोन चॅनल, म्हणजे सी आकाराच्या लोखंडी पट्ट्या, ७५ बाय ४० एमएमचे घ्या. लोक १०० चा घ्या म्हणतील, मिनी ट्रॅक्टरला गरज नाही. सगळं मिळून एक्सल-चाकं धरून रिकामी ट्रॉली चारशे किलोच्या आसपास बसायला पाहिजे. माल दहा क्विंटलच्या वर भरू नका, ट्रॅक्टर ओढील हो, ओढण्याचा प्रश्नच नाही, प्रश्न थांबवण्याचा आहे. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन कमी, ट्रॉलीला ब्रेक नाही, अन् आपल्याकडं बालाघाट डोंगराचा एखादा उतार लागला की मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलती. उताराला न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे हुशार लोक पण आहेत, तसलं काही करू नका, चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरात उतरा.

आता दांडी. चार-पाच वर्षांपूर्वी एक शेतकरी सोयाबीनची खेप अर्ध्या वाटेत सोडून दुकानात आले, "काका, दांडी तुटली की ओ". जाऊन बघितलं तर दांडीला १०० चा चॅनल, लोखंड एक नंबर, कुठं वाकलेलं सुद्धा नाही. पण ती दांडी ट्रॉलीच्या पुढच्या अँगलला येऊन संपली होती, तिथं चार इंचाचं वेल्डिंग अन् झालं. वेल्ड जसंच्या तसं होतं, त्याच्या शेजारून चॅनल फाटला होता. मी फाटलेल्या कडेवर बोट फिरवून त्यांना दाखवलं, अर्धी कड तांबडी अन् अर्धी चकचकीत. तांबडी म्हणजे ती कितीतरी दिवस आधीच फाटलेली, तिथं पाणी जाऊन गंज धरलेला, अन् चकचकीत म्हणजे आज तुटलेली. म्हणजे ती ट्रॉली महिनाभर तरी अर्ध्या लोखंडावर चालत होती अन् कुणाला पत्ता नाही.

म्हणून दांडी ए आकाराची करा, दोन चॅनल पुढं हूकपाशी एकत्र येणार आणि मागं ट्रॉलीच्या खालून आत जाणार, कमीत कमी दुसऱ्या आडव्या अँगलापर्यंत, जमलं तर एक्सलच्या बैठकीपर्यंत न्या. जिथं पुढचा अँगल ओलांडतो तिथं ६ एमएमची तिकोनी प्लेट दोन्ही बाजूनं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, चॅनलच्या वरच्या-खालच्या पाकळीवर, म्हणजे दुमडलेल्या कडेवर, आडवं वेल्डिंग मारायचं नाही, चॅनल तिथंच फाटतो. वेल्ड चॅनलच्या लांबीच्या दिशेनं किंवा उभ्या पोटावर मारा. पाकळीच्या टोकाला ग्राइंडरचा काप लागला असेल तर तो घासून गुळगुळीत करा, तडा तिथूनच सुरू होतो. दांडी पुढं साधारण चार फूट बाहेर ठेवा, लई आखूड ठेवली तर वळताना ट्रॉलीचा कोपरा ट्रॅक्टरच्या टायरला लागतो अन् रिव्हर्स घेताना ट्रॉली सापासारखी पळती, नवीन माणूस बेजार होतो.

एक्सल कुठं बसवायचा हे तर कुणी विचारतच नाही, सगळे बरोबर मधोमध बसवतात. मधोमध बसवला अन् माल जरा मागं सरकला की ट्रॉली मागं बसती, दांडी वर उचलती अन् ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, काळ्या मातीत चिखल असला तर जागेवरच फिरायला लागतात. तुमच्या आठ फुटाच्या ट्रॉलीला मधल्या रेषेपासून दहा इंच मागं घ्या, म्हणजे पुढच्या कडेपासून ४ फूट १० इंचावर. हिशोब बघा, हूकपासून एक्सल १०६ इंच होतो, दहा क्विंटल माल सारखा पसरला तर हजार भागिले १०६ गुणिले १०, नव्वद-पंच्याण्णव किलो दांडीवर येतात. हे बरोबर आहे, मालाच्या दहा टक्क्याच्या आसपास वजन दांडीवर पाहिजे. त्याच्यापेक्षा लई जास्त झालं तर ट्रॅक्टरचं तोंड उचलायला लागतं. हायड्रोलिक लावून ट्रॉली मागं ओतायची असेल तर हा हिशोब बदलतो, ते वेगळं काम आहे, पहिल्याच ट्रॉलीला तो नाद करू नका.

एक्सल पक्का करायच्या आधी नुसत्या टेपनं मापू नका. हूकच्या भोकात खिळा ठेवून तिथून एक न ताणणारी तार एक्सलच्या डाव्या टोकाला अन् मग तीच तार उजव्या टोकाला लावून बघा, दोन सूतापेक्षा, म्हणजे पाव इंचापेक्षा, जास्त फरक नको. फरक राहिला तर ट्रॉली तिरकी चालती, एक टायर घासून जातं अन् माणूस टायरवाल्याला शिव्या देत बसतो. चौकटीचे दोन कर्ण पण तसेच सारखे आले पाहिजेत. कोपरा काटकोनात आहे का ते गवंड्याच्या ३-४-५ नं बघा, एका बाजूला ३ फूट, दुसरीला ४ फूट मापलं तर तिरपं ५ फूट यायला पाहिजे, त्याला कुठला गुण्या लागत नाही.

तुमच्या जीपच्या एक्सलबद्दल. मागचा एक्सल म्हणजे मधी डिफरन्शियलचा गोळा आहे. पिनियन, म्हणजे इंजिनाकडून गोळा फिरवणारा छोटा दात्यांचा शाफ्ट, काढून टाका अन् त्या भोकाला पॅकिंग घालून प्लेट बोल्टनं बंद करा, पण बाजूचे शाफ्ट काढायची घाई करू नका, काही एक्सलात चाक शाफ्टवरच धरलेलं असतं, शाफ्ट काढला की चाक बाहेर. गोळ्यात ऑईल मात्र ठेवायचं, आतलं बेअरिंग त्यावरच जगतं. ब्रेक ड्रम शाबूत असतील तर हँडब्रेकची केबल ओढून घ्या, विहिरीवर नाहीतर उताराला ट्रॉली सोडायची वेळ येते तेव्हा कामाला येते, तरी चाकाखाली उटी लावायचीच. हबमध्ये टेपर बेअरिंग असेल तर नट घट्ट आवळून चाक चार-पाच वेळा फिरवा, मग नट थोडा सैल करा एवढा की चाक मोकळं फिरलं पाहिजे पण हलवलं तर खेळ नको, अन् नट अडवायला नवीन स्प्लिट पिन. जुनी पिन सरळ करून परत घालणारे लोक मला समजत नाहीत. एक्सलच्या नळीला कमानीची, म्हणजे पाट्याच्या स्प्रिंगची, बैठक सोडून दुसरीकडं कुठं वेल्डिंग मारू नका, नळी तापून वाकती अन् चाकं तिरकी होतात. कमान लावणार असाल तर टायर अन् तळाच्या मधी चार-पाच इंच जागा सोडा, नाहीतर खड्ड्यात टायर पत्र्याला घासतं. जीपच्या एक्सलला साडेचार फुटाची बॉडी चाकाच्या वरूनच न्यावी लागणार, म्हणून ट्रॉली जरा उंच होईल, ते चालतं, फक्त माल उंच रचू नका.

वेल्डिंगचं म्हणाल तर मशीन कोणतं आहे त्याच्यापेक्षा तुमच्या लाईटीला व्होल्टेज किती आहे ते बघा. वाडीवर संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, त्यात शंभर फूट पातळ वायर ओढून मशीन चालवलं की आर्क होतो पण लोखंडात शिरत नाही, वरून माळ छान दिसती अन् हातोडी मारली की वेल्डवरच्या राखेच्या खपलीसोबत वेल्ड पण निघून येतं. दांडीचं काम दुपारी किंवा पहाटे करा, वायर जाड अन् आखूड घ्या. चौकटीला ६०१३ नंबरचा ३.१५ एमएमचा रॉड, ९० ते १२० अँपिअर, पत्र्याला २.५ चा. दांडीला ७०१८ नंबरचा रॉड चांगला, पण तो दमट झाला तर ६०१३ पेक्षा वाईट, रॉड सुकवायची भट्टी तुमच्याकडं नाही म्हणून नवीन पुडा फोडायचा अन् त्याच दिवशी संपवायचा. आधी सगळीकडं टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारून घ्या, कर्ण परत मापा, मग एकदा इकडं एकदा तिकडं असं मारत जा. एका बाजूनं सलग मारत गेलात तर चौकट पापडासारखी वळती. आणि भंगारातला जस्त चढवलेला पाईप बाजूला लावायचा असेल तर जस्त घासून काढून उघड्यावरच वेल्ड करा, तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो, मी दोनदा भोगलाय.

अजून एक, आरटीओचं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे पण वाहनच धरलंय, म्हणून रस्त्यावर न्यायची तर नोंदणी पाहिजे, अन् घरी बनवलेल्याची नोंदणी सरळ होत नाही. लोखंड कापायच्या आधी तुमच्या आरटीओत जाऊन विचारा. शेतातल्या शेतात, विहिरीवरून आखाड्यावर एवढंच करायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण शिवरस्ता सोडून डांबरीवर गेलात अन् काही घडलं तर विमावाला पहिला कागद तोच मागणार.

हं, आता रंग. तुमच्या गेटचा रंग का निघाला ते मी न बघता सांगतो. नवीन पत्र्यावर अन् अँगलवर निळसर काळी पापडी असते, मिलमधून गरम निघताना धरलेली. हात फिरवला तर लई गुळगुळीत लागती म्हणून माणसाला वाटतं लोखंड स्वच्छच आहे, मारा प्रायमर. रंग त्या पापडीला छान चिकटतो. पापडी मात्र लोखंडाला चिकटून राहत नाही, पाणी तिच्या खाली शिरतं अन् ती रंगासकट उठती. मी स्वतः पहिली ट्रॉली केली तेव्हा हेच केलं, लाल भडक रंग मारला, गावात मिरवली, अन् दसऱ्याला पूजेला पुसायला घेतली तर फडक्याला पोह्यासारखे लाल तुकडे यायला लागले. तुकडा उलटा केला तर मागं ती निळी पापडी, जशीच्या तशी.

ती पापडी काढायचे दोन मार्ग. ग्राइंडरला वायरची वाटी अन् पॉलिशची चकती लावून घासा, दोन दिवस जातील, चष्मा घाला, वाटीची तार सुटली तर डोळ्यात जाती. नाहीतर लोखंड दोन-तीन महिने उघड्यावर टाका, पापडी गंजून आपोआप सुटती अन् मग घासायला सोपी जाती. जुने लोक असंच करायचे. खिळ्यानं ओरखडा मारून बघा, खाली एकसारखं राखाडी दिसलं म्हणजे झालं.

दुसरी जागा वेल्डच्या कडेची. कुठल्याही ट्रॉलीचा रंग पहिल्यांदा वेल्डपाशीच निघतो, बघा तुम्ही. खपलीची राख तिथं राहिलेली असते अन् छर्रे उडालेले असतात. चिपिंग हातोडीनं नुसतं ठोकून भागत नाही, वायर ब्रश, मग ओल्या फडक्यानं पुसायचं, वाळवायचं, मग थिनरच्या फडक्यानं. थिनरनं पुसल्यावर हातानं परत चाचपायचं नाही, आपल्या हाताला तेल असतंच. पुसल्यापासून त्याच दिवशी प्रायमर गेला पाहिजे, पावसाळी हवेत तर दोन तासात, उघडं लोखंड रात्रभर ठेवलं की सकाळी तांबडी झाक आलीच.

आणि जिथं पत्रा अँगलवर बसतो ती मधली फट. तिथं नंतर ब्रश जात नाही, गन जात नाही, पण पाणी अन् शेणखताचा रस बरोबर जातो. युरिया-डीएपी सांडतं ते पण तिथंच मुरतं. म्हणून पत्रा ठेवायच्या आधी अँगलच्या माथ्याला अन् पत्र्याच्या पोटाला प्रायमर मारून घ्या, फक्त जिथं टाका येणार तेवढी जागा कोरी ठेवा, अन् सगळं झाल्यावर ती फट सीलंटनं भरा. तळाच्या चारी कोपऱ्यांना बारा एमएमचं भोक पाडा, धुतलेलं पाणी निघून गेलं पाहिजे. चौकोनी पाईप कुठं वापरला असेल तर त्याची तोंडं एक तर पूर्ण बंद करा नाहीतर खाली भोक ठेवा, अर्धवट बंद पाईप आतून कुजतो अन् बाहेरून रंग शाबूत दिसतो.

प्रायमर रेड ऑक्साईडचे दोन हात, दोन्हीच्या मधी रात्र जाऊ द्या. वर ऑईल पेंटचे दोन हात. सगळा पृष्ठभाग, आतून बाहेरून खालून धरून साधारण दोनशे चौरस फूट भरतो अन् एका लिटरात एका हाताला शंभर चौरस फूट धरा, म्हणजे चार लिटर प्रायमर, चार लिटर रंग. पातळ करायला टर्पेंटाईन. ऑईल पेंटमध्ये एनसी थिनर ओतू नका, लवकर वाळतं म्हणून काही पेंटर ओततात, रंग चमक सोडतो अन् कच्च्या हातावर मारला तर खालचा थर उचलून सुरकुत्या पडतात. पैसे असतील तर दोन डब्याचा इपॉक्सी प्रायमर घ्या, तो खरंच चांगला, पण कालवल्यावर काही तासात घट्ट होतो, म्हणून लागेल तेवढाच कालवा, अन् तोंडाला मास्क. लांबीच्या, म्हणजे पुट्टीच्या, भानगडीत पडू नका, ट्रॉलीला लांबी लावून गुळगुळीत करणं म्हणजे बैलाला इस्त्री करणं.

वेळ महत्त्वाची आहे. मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लावून बघा, चटका बसतो, त्यावर रंग मारला की वरची साय लगेच वाळती अन् आत ओलाच राहतो, मग फोड. पावसाळ्यात दमट हवेला चमक जाती. दिवाळी ते होळी, सकाळी दव वाळल्यावर दहाच्या पुढं ते तीन-साडेतीनपर्यंत, ही आपल्याकडची सगळ्यात चांगली वेळ. फक्त शेजारी काय चाललंय ते बघून घ्या. माझ्या भावाची ट्रॉली मी पिवळी रंगवली, दुसरा हात मारून चहाला बसलो अन् बांधापलीकडं सोयाबीनचं मळणी यंत्र सुरू झालं. वारा आमच्याकडचा. आजही त्या फाळक्यावर हात फिरवला की भुसा लागतो, भाऊ म्हणतो ह्याला ग्रिप येतीय, राहू दे.

मागच्या फाळक्यावर पेंटरकडून काय लिहायचं ते लिहा, आईचा आशीर्वाद लिहा नाहीतर गावाचं नाव, पण आधी लाल रिफ्लेक्टर अन् रिफ्लेक्टर टेपची जागा सोडून मग लिहू द्या. पुढून पांढरे, मागून लाल. उसाच्या सीझनला रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या अंधाऱ्या ट्रॉलीवर मोटरसायकल जाऊन आदळते, आपल्या भागात ह्या गोष्टी ऐकून ऐकून कान किटले. हूकच्या पिनला क्लिप पाहिजे, अन् एक साखळी दांडीपासून ट्रॅक्टरला. पिन निसटली तर साखळी वाचवती.

पहिल्या तीन-चार खेपा अर्ध्याच भरा. प्रत्येक खेपेनंतर हबला हात लावा, कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर बेअरिंग आवळलंय. यू-बोल्ट अन् चाकाचे नट परत आवळा, नवीन रंगावर आवळलेला नट हमखास सैल होतो कारण मधला रंग दबतो. चाकाच्या बैठकीवर अन् नटाखाली रंग मारूच नका.

आणि दांडी काळी रंगवू नका. सगळे काळीच मारतात, ग्रीस दिसत नाही म्हणून. मी त्या सोयाबीनच्या खेपेनंतर दांडी अन् तिकोनी प्लेटा पिवळ्याच रंगवतो, उरलेली ट्रॉली गिऱ्हाईकाला पाहिजे त्या रंगाची. लोखंडाला तडा गेला की वरचा रंग पण केसाएवढा फाटतो, त्यातनं पाणी जातं अन् दोन-चार दिवसात पिवळ्यावर तांबडी रेघ उमटते. काळ्यावर ती दिसत नाही. दर पंधरा दिवसाला जोडापाशी ओलं फडकं फिरवून बघत जा, रेघ दिसली तर ट्रॉली रिकामी करा अन् माझ्याकडं नाहीतर जवळ जो कुणी असेल त्याच्याकडं घेऊन जा, त्या रेघेवर वरून रॉड मारून मोकळं होऊ नका. तडा संपतो तिथं आधी बारीक भोक पाडायचं, तडा पूर्ण खरवडून काढायचा, मग भरायचं अन् वर प्लेट.